आधी काटा, मग कूलर

प्रत्येक ऑफिसात एक गाडीतज्ज्ञ असतो. स्वतः तो कंपनीच्या बसने येतो, पण कॉफी मशीनपाशी उभा राहिला की अख्खं इंजिन खोलून परत बसवतो. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावरही असा एक आहे. एप्रिलमधल्या एका सोमवारी मी त्याच्यासमोर रडगाणं गायलं, की काल वाकडच्या पुलाखाली पाऊण तास अडकलो आणि गाडीचा टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. त्याने कॉफी ढवळत निकाल दिला : ‘जुनी गाडी ना? ऑइल कूलर टाक. विषय संपला.’

विषय संपला नाही. तिथूनच सुरू झाला.

गाडी म्हणजे १९९९ची मारुती एस्टीम. बाबांची. कर्ज काढून घेतलेली आमच्या घरातली पहिली ‘डिकीवाली’ गाडी. कंपनीने एस्टीम बनवणं २००७ सालीच थांबवलं, पण आमची अजून रस्त्यावर आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी, पर्यावरण कर, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी घरात ‘आता विकूया का?’ अशी मीटिंग भरते आणि प्रत्येक वेळी बाबा एका वाक्यात ती गुंडाळतात : ‘चालतेय की.’ ग्लव्हबॉक्समध्ये त्यांची डायरी असते. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, कुठलं ऑइल, कुठला फिल्टर, सगळं निळ्या शाईत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. डायरीसकट.

आता कळलं ना, काट्याचं मी एवढं टेन्शन का घेतलं ते? गाडी माझ्या हातात बंद पडली असती, तर त्या डायरीतली शेवटची नोंद माझ्या नावावर जमा झाली असती.

हे प्रकरण आहे तरी काय?

ऑइल कूलर तुम्ही पाहिलेला आहे, फक्त ओळख नाही. पल्सर २२० आठवा. इंजिनच्या पुढे एक छोटासा जाळीदार डबा असतो, तोच. रेडिएटरचा धाकटा भाऊ म्हणा. रेडिएटरमधून पाणी फिरतं, याच्यातून इंजिनचं ऑइल.

बाइकला तो का लागतो, हे सरळ आहे. तिथे इंजिनभोवती पाणी नाही. जे थंड करायचं ते वाऱ्याने आणि ऑइलने. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्येही इंजिनवर ऑइल कूलर असायचाच, आणि पोर्शे ९११ला १९९८पर्यंत, म्हणजे ती एअरकूल्ड होती तोवर, ऑइलनेच तारलं. कारमध्ये मात्र कामाची वाटणी असते. सिलिंडर आणि हेडची उष्णता पाणी उचलतं. पिस्टनच्या खालची बाजू आणि क्रँकची बेअरिंग्ज, जिथे पाणी पोचत नाही, ती जबाबदारी ऑइलची.

हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मी दोन रात्री फोटो बघत बसलो. चकचकीत ॲल्युमिनिअम, जाळीतून डोकावणारे काळे होजपाइप, लाल-निळी फिटिंग्ज. दिसायला एकदम झकास! आठवड्यात पार्सल दारात. बाबांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘कंपनीने का नाही दिलं हे?’

‘तेव्हा कॉस्ट कटिंग असेल, बाबा.’

काय कॉन्फिडन्स होता!

एका ॲक्सेसरीजच्या दुकानात दीड तासात काम झालं. ऑइल फिल्टर काढायचा, त्या जागी एक जाड चकती लावायची. तिला सँडविच प्लेट म्हणतात, कारण ती इंजिन आणि फिल्टर यांच्या मधे बसते. त्या प्लेटमधून दोन पाइप निघून कूलरला जातात : एकातून गरम ऑइल जातं, दुसऱ्यातून थंड होऊन परत येतं. किटमधला एक पाइप आखूड पडला. पोऱ्याने दुकानातलाच एक रबरी पाइप कापला, दोन्ही टोकांना जुबली क्लिपा आवळल्या आणि म्हणाला, ‘बिनधास्त जावा सर.’

मी बिनधास्त गेलो.

खंबाटकीचा धडा

तीन आठवड्यांनी साताऱ्याला मावसबहिणीचा साखरपुडा होता. पुढे बाबा, मागे आई आणि आजी, डिकीत आहेराच्या पिशव्या. मे महिना, एसी फुल्ल. पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला. पुढे उसासे टाकत चाललेला ट्रक, त्याला ओव्हरटेक करायला मी सेकंड गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला, आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं ते छोटं लाल चित्र पेटलं.

मी म्हटलं, ‘दोनच वळणं राहिलीत, वर जाऊन बघू.’

बाबा म्हणाले, ‘बाजूला घे. आणि बंद कर. आत्ता.’

घेतली. बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. तो दुकानातला रबरी पाइप क्लिपेतून निसटला होता आणि इंजिनमधलं जवळजवळ सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. एस्टीममध्ये ऑइल असतं साडेतीन लिटरच्या आसपास. पंप ते काही सेकंदांत बाहेर फेकू शकतो, कारण पाइप तुटलाय हे पंपाला कळत नाही. तो आपलं काम इमानदारीत करत राहतो.

पण माझ्या पोटात गोळा आला तो इंजिनसाठी नाही. मागून येणारी एक ॲक्टिव्हा त्या तेलाच्या पट्ट्यावर सर्रकन घसरली. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकून कशीबशी सावरली. मागच्या सीटवर त्याची बायको होती, मांडीत पोर. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं आणि गेला. ती नजर मला अजून आठवते.

पुढची वीस मिनिटं अडुसष्ट वर्षांचे माझे बाबा, साखरपुड्याचा रेशमी झब्बा घालून, वळणाच्या अलीकडे उभे राहून रुमालाने टू-व्हीलर्सना बाजूने काढत होते. मी आणि त्या ट्रकचा क्लीनर घाटाच्या कडेची माती ओंजळीने आणून तेलावर टाकत होतो. ‘सगळं झाकलं पाहिजे,’ एवढंच बाबा म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रींची शाळा

टो होऊन गाडी नाना पेठेत पोचली. तिथले आमचे मिस्त्री मला शाळेच्या हाफपँटीपासून ओळखतात. त्यांनी चेंबर उतरवलं, बेअरिंग्ज तपासली. वाचली होती. तो दिवा लागल्यावर वरपर्यंत गेलो असतो, तर क्रँक गेला असता आणि बहुधा गाडीही.

मग त्यांनी हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला : ‘तापत कोण होतं? पाणी की तेल?’

मी गप्प.

‘डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा. औषध दिलंस तेलाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!’

दोस्तहो, हे वाक्य तुमच्या क्युबिकलमध्ये चिकटवून ठेवा. ऑफिसातही आपण दुसरं काय करतो?

त्यांनी एसीचा कंडेन्सर थोडा पुढे घेऊन मला मागे डोकवायला लावलं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, किडे आणि सुकलेला पाला यांचं जाड गोधडं झालं होतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली. पंखा चालू करणारा स्विच उशिरा जागा होणारा. वेगात असताना वारा भरपूर, म्हणून काही जाणवत नव्हतं. वाकडच्या पुलाखाली उभं राहिलं की सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा झोपलेला. साफसफाई, नवीन झाकण, नवीन स्विच आणि नवीन कूलंट, सगळं मिळून कूलर किटच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. काटा तेव्हापासून मधोमध आहे.

आणि गंमत बघा. कूलरने ट्रॅफिकमध्ये तसाही फरक पडला नसता. गाडी उभी असताना कूलरमधून तरी वारा कुठून जाणार? शिवाय माझा कूलर बसवला होता रेडिएटरच्या अगदी पुढे. म्हणजे ऑइलची उष्णता घेऊन गरम झालेली हवा मी बिचाऱ्या रेडिएटरच्याच तोंडावर सोडत होतो.

‘पण मग ऑइल तापत नव्हतं कशावरून?’ मी हट्टाने विचारलं.

‘मोज,’ मिस्त्री म्हणाले.

एक महिना, एक काटा

चेंबरच्या खाली ऑइल काढायचा जो ड्रेन प्लग असतो, त्याच्या जागी मिस्त्रींनी सेन्सर असलेला प्लग बसवला आणि डॅशबोर्डवर एक वेगळा काटा. हा फक्त ऑइलचा. मग महिनाभर मी कुठेही गेलो की आकडे टिपत होतो.

हिंजवडीचं ट्रॅफिक, पाऊण तास : ९८ अंश. एक्स्प्रेस वेवर शंभरच्या स्पीडने सलग तासभर : १०८. आणि शेवटी मुद्दाम भर दुपारी, चार माणसं, एसी चालू, सेकंड गिअरमध्ये तीच खंबाटकी : ११७. यापुढे काटा गेलाच नाही.

आता या आकड्यांचा अर्थ. ऑइल ९० ते ११० अंशांत असेल, तर ते मजेत आहे. १२०ला थोडा वेळ गेलं तरी चांगलं ऑइल ते सहन करतं. काळजी करायची ती काटा १३०च्या आसपास आणि त्याच्यावर मुक्काम ठोकतो तेव्हा. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा त्याचा थर विरळ होतो आणि ते लवकर म्हातारं होतं. ढोबळ हिशेब असा, की या तापमानांना दर दहा अंशांमागे ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

अजून एक फंडा या महिन्यात क्लिअर झाला. पाण्याचा काटा वाहतुकीला घाबरतो, ऑइलचा काटा स्पीडला. ऑइल तापतं ते मुख्यतः इंजिन बराच वेळ जोरात फिरलं, जोरात ओढलं की. सिग्नलला उभं राहून नाही.

म्हणजे माझ्या एस्टीमला कूलर नकोच होता. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : कंपनीने दिला नाही, कारण लागत नव्हता. ज्यांना लागतो त्यांना कंपनी देते. आपल्याकडे कितीतरी गाड्यांमध्ये धावलेल्या फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनात ऑइल फिल्टरजवळच एक कूलर असतो, पण तो वाऱ्यावर चालत नाही, इंजिनच्याच पाण्यावर चालतो. सकाळी पाणी आधी गरम होतं आणि ऑइलला ऊब देतं. नंतर ऑइल जास्त तापलं की पाणी त्याची उष्णता काढून घेतं. किती शहाणी व्यवस्था!

उलट, ऑइल फार थंड ठेवणं हाही गुन्हाच. इंजिनमध्ये थोडी वाफ आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतच असतं. ऑइल नीट तापलं, की ते उडून जातं. तापलंच नाही, तर साचतं. डिसेंबरच्या सकाळी घर ते ऑफिस सहा किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून पिठल्यासारखा पिवळट साका दिसला, तर समजा, ऑइल कुडकुडतंय. इंग्लंडमधल्या जुन्या एमजीबी गाड्यांना ऑइल कूलर असतो, तर तिथले काही मालक हिवाळ्यात त्याच्यापुढे चक्क आडोसा लावतात. आणि आपण निघालो विकत घेऊन बसवायला!

तरीही बसवायचाच असेल तर

काही जणांना तो खरंच लागतो. जुन्या गाडीला टर्बो लावलाय, इंजिन ट्यून केलंय, ट्रॅक डे किंवा रॅली करताय, किंवा काटा स्वतःच सांगतोय की १३० ओलांडतंय. अशांसाठी मिस्त्रींचे नियम, माझ्या सहा हजार रुपयांच्या फीमध्ये मिळालेले.

पहिला, थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घ्या. साधारण ८० अंशांपर्यंत ती बहुतेक ऑइल कूलरकडे न पाठवता इंजिनातच फिरवते, म्हणजे सकाळचं कुडकुडणं टळतं. प्लेटचे आटे तुमच्या फिल्टरच्या आट्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. वीस मिलिमीटर आणि पाऊण इंच हे दोन्ही बाजारात सर्रास मिळतात, आणि वीस मिलिमीटरचा बोल्ट पाऊण इंचाच्या जागी दाबून बसवायला जाल तर इंजिनचे आटे गेले समजा.

दुसरा, प्लेट लावली की फिल्टर तेवढा बाहेर येतो, काही गाड्यांत खाली. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर आठवा आणि जमिनीपासूनचं अंतर मोजा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा : पाइप. ऑइल आणि उष्णता सोसणारा, प्रेशर होज म्हणूनच बनवलेला, आतून साधारण अर्धा इंच. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचं प्रेशर सगळ्यात जास्त असतं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटी-तिपटीने सहज. तिथे पाण्याचा पाइप आणि जुबली क्लिप चालत नाही. टोकं मशिनवर दाबून बसवलेली किंवा आट्यांची हवीत. इंजिन हलतं, कूलर हलत नाही. म्हणून पाइपला थोडी ढील द्या. पत्र्याच्या कडेला घासत असेल तिथे रबरी बूच लावा आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

चौथा, छोटा कूलर घ्या. रोजच्या गाडीला तेरा आडव्या नळ्यांचा पुरतो. तोंडं वर ठेवून बसवा म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि शक्यतो रेडिएटरच्या वाऱ्यात आडवा येणार नाही अशा जागी.

पाचवा, पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा वेळ थांबत स्टार्टर मारा, म्हणजे कूलर आणि पाइप भरतात. मग इंजिन चालू, खाली कोरडा पुठ्ठा, आणि दहा मिनिटं नजर त्याच्यावर. बंद करून डिपस्टिक बघा. अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जास्त लागू शकतं. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक जोड परत तपासा.

आणि शून्यावा नियम, या सगळ्याच्या आधीचा : काटा. महिनाभर मोजा. आकडा मागत नसेल तर घेऊ नका.

माझा कूलर सध्या माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. ऑफिसातल्या तज्ज्ञाने परवा विचारलं, ‘काय रे, टाकलास की नाही?’ म्हटलं, ‘टाकला आणि काढलाही.’ तो म्हणाला, ‘मग सिंथेटिक ऑइल टाक. विषय संपला.’

काटा मात्र गाडीत ठेवलाय. बाबा हल्ली फारसे लांब येत नाहीत, पण मी बाहेरगावाहून परतलो की हातातला पेपर खाली न करता विचारतात, ‘किती?’

‘एकशे चार.’

‘हं.’

गेल्या आठवड्यात पीयूसी शोधताना ग्लव्हबॉक्समधली डायरी उघडली. तारीख, किलोमीटर, ऑइल, फिल्टर या रकान्यांच्या पुढे पट्टीने आखून एक नवीन रकाना केला होता. वर निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘तापमान’. खाली माझे सगळे आकडे तारीखवार, वळणदार अक्षरात. आणि खंबाटकीच्या त्या दिवसापुढे फक्त एवढंच : ‘पाइप निसटला. गाडी वेळेत थांबवली.’

कुणी थांबवली, ते लिहिलं नव्हतं.